मत्स्यालयाचा धंदा : मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एका कापडवाल्याने केलेली पाहणी

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या शहरांतून, विशेषतः सुट्टीच्या दिवसांत, मैदानावर एक नवा तमाशा उभा राहू लागला आहे. लोखंडी सांगाडा, त्यावर पारदर्शक पत्र्याचा बोगदा, दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर पाणी आणि त्यात फिरणारे मासे. बाहेर आकाशपाळणा, पापडाची गाडी, प्लॅस्टिकच्या खेळण्यांची दुकाने. संध्याकाळी तिकिटाच्या खिडकीवर रांग पाहिली तर कोणाही व्यापाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. या तमाशाचे चालक गावोगावच्या दुकानदारांना गाठून भागीदारी देऊ करतात. ज्यांचे थोडे भांडवल मोकळे पडले आहे असे आपले पुष्कळ बांधव त्याचा विचार करतात, म्हणून हा लेख.

आमच्या घरीही असा प्रस्ताव आला. थोरल्या मुलाच्या ओळखीतून एक चालक दुकानावर आला. त्याने मागितलेली रक्कम म्हणजे आमच्या दुकानात ईदच्या हंगामाला भरावा लागणारा सगळा माल. मुलाचे म्हणणे, कापडात आता काय उरले आहे? इचलकरंजीचा माग अर्धा दिवस चालतो, गिऱ्हाईक मोबाईलवर भाव पाहून येते. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. चालकाने तीन गावांच्या मुक्कामाचा जमाखर्च दाखवला. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, माशाबद्दलचे माझे ज्ञान ताटापुरते, पण जमाखर्च कोणत्याही जुबानीतला असो, तो वाचता येतो. त्यात एक गोष्ट नजरेत भरली. प्रत्येक मुक्कामाला 'मासे खरेदी' हे कलम होते आणि रक्कमही लहान नव्हती. हा माणूस मासे विकत नाही, नुसते दाखवतो, मग दर मुक्कामाला खरेदी कशाची? विचारले तर म्हणाला, 'पब्लिकला नवीन माल लागतो चाचा.' उत्तर तयार होते, पण गळी उतरले नाही.

तेव्हा मुलाला म्हटले, पैसा टाकण्याआधी हा धंदा जिथे पिकतो तो किनारा पाहून येऊ. नातवंडांची सुट्टी होतीच. मी, बायको, मुलगा, सूनबाई, दोन नातवंडे आणि ऐंशीच्या घरातली अम्मी असे सात जण गाडी करून राधानगरी, फोंडा घाटाने कणकवलीत उतरलो आणि तिथून मालवण. बायकोची अट होती की हिशेबाची वही घरी ठेवायची. वही घरी ठेवली. पेन्सिल खिशात होती.

दर्याच मत्स्यालय

नातवंडांनी मालवणात उतरताच मत्स्यालय कुठे म्हणून विचारायला सुरुवात केली. बंदरावरच्या होडीवाल्याने समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोट दाखवून सांगितले, 'त्या तटाच्या कडेक चला, ह्या काय कमी आसा?' शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. आज त्याच्या तटाशेजारच्या खडकांवर प्रवाळ आहे. तोंडाला रबरी मुखवटा आणि श्वासाची नळी लावून माणूस पाण्यावर पालथा तरंगतो आणि खालचे मासे पाहतो. ज्याला खोल जायचे त्याच्यासाठी पाठीवर हवेची टाकी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तारकर्लीला पाण्याखाली बुडी मारण्याचे शिक्षण देणारी संस्थाही आहे.

हा सारा टापू सरकारने १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. कागदावर अभयारण्य झाले तरी गाबीत मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला. मासेमारी बंद होईल ही त्यांची भीती. आता त्याच पाण्यात पर्यटकांच्या बोटी चालतात आणि अनेक मच्छीमारांच्या घरातली मुलेच त्या चालवतात. ज्या खडकाने जाळे फाटते म्हणून बाप शिव्या घालत होता, तोच खडक मुलाला रोजी देतो.

मुलगा आणि अकरा वर्षांचा नातू पाण्यात उतरले. वर आल्यावर नातवाच्या तोंडून शब्द फुटेना. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, चपटे निळसर मासे, दगडावर फुलासारखे उमललेले काहीतरी, असे तुकड्यातुकड्यांनी सांगत होता. होडीवाला म्हणाला, 'आज पाणी नितळ आसा, उद्याचा सांगूक येवचा नाय.' हा या धंद्याचा पहिला धडा. दुकानातल्या दिव्याचे बटण आपल्या हातात असते, दर्याचे नसते. पावसाळ्यात तर सगळ्या बोटी वर ओढून ठेवाव्या लागतात. हवेच्या टाक्या, मुखवटे, बोटीचे इंजिन, परवाना, कर्जाचा हप्ता हे सगळे उरलेल्या महिन्यांतल्या नितळ दिवसांतून काढायचे.

आणि जोखीम जीवाची असते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन माणसे दगावली, हे विसरून चालणार नाही. बोटीत बसताना तरंगणारे जाकीट अंगावर घट्ट बांधले आहे ना आणि माणसे ठरल्यापेक्षा जास्त भरली नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे. अम्मी बोटीत बसली नाही. तिने धक्क्यावर बसून सगळ्यांचे जोडे सांभाळले आणि मासळीच्या लिलावाकडे पाहत दोन तास मजेत काढले.

प्रवाळाविषयी थोडे सांगायला हवे. ते दगड नव्हे, लहान जीवांची वसाहत. पाणी जरा अधिक तापले की त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म वनस्पती निघून जाते आणि ते पांढरे पडतात. जगभर २०१४ ते २०१७ या काळात असे मोठे विरंजन झाले, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या प्रवाळांतही ते नोंदवले. वरून पर्यटकांचे पाय. सोबतचा पोरगा चांगला होता, कोणी उभे राहू लागले की ओरडत होता. पण शेजारच्या बोटीवरून मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात ब्रेडचे तुकडे टाकले जात होते. गिऱ्हाईक जमवण्यासाठी दुकानाच्या दारात लाडू वाटावेत तसे. दर्यातल्या माशाला ब्रेडची सवय लावून हा धंदा किती दिवस टिकेल, हे त्या बोटवाल्यांनीच ठरवायचे आहे.

जाळे आणि कापड

कापडवाल्याने मालवणला जाऊन जाळे पाहिले नाही तर त्याचे जाणे वाया गेले म्हणायचे. जाळे म्हणजे शेवटी सुताचाच खेळ. पूर्वी ही जाळी सुताची असत. खाऱ्या पाण्याने कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात ती पुन्हा पुन्हा बुडवून रंगवावी लागत. नायलॉन आले आणि ती सगळी कारागिरी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. होडीतून अर्धगोल जाळे टाकतात आणि दोन्ही टोकांना माणसे लागून ते किनाऱ्याकडे ओढतात. रापण ही एका मालकाची नसते. जाळ्याचे तुकडे निरनिराळ्या घरांचे, ते जोडून एक रापण. मासळी आली की जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मेहनतीचा वाटा. जुन्या लोकांनी शिरकतीचा धंदा कसा चालवला, ते पाहायचे तर रापणीवर पाहावे. भांडवल थोडे, माणसे फार आणि प्रत्येकाचा वाटा आधीच ठरलेला. ट्रॉलर आणि त्यामागून आलेल्या पर्ससीन जाळ्यांनी या रापणीचे कंबरडे मोडले. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, पण भांडण मिटले नाही. हातमाग आणि यंत्रमागाचे भांडण ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

जाळ्याचीच आणखी एक गोष्ट इथे ऐकली, ती आमच्या शिंपी बांधवांना आवडेल. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर २०११ ते २०१७ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने एक प्रकल्प चालला. त्यात ट्रॉलरच्या जाळ्याची शेवटची पिशवी, जिथे मासे साठतात, ती चौकोनी घराची करावी असे मच्छीमारांना शिकवले गेले. नेहमीच्या जाळ्याचे घर शंकरपाळ्यासारखे असते. जाळे ओढले की ताण येतो, घर लांबट होऊन मिटते आणि बोटाएवढी पिल्लेही आत अडकतात. घर चौकोनी, चाळीस मिलिमीटरचे असले तर ताण आला तरी ते उघडेच राहते आणि पिल्लू निसटून जाते.

हे ऐकून मी खिशातला रुमाल काढून तिथेच दाखवले. रुमाल सरळ धाग्यात ओढला तर ताणत नाही, उरेब ओढला तर लांब होतो आणि रुंदीला आवळतो. उरेब कापडाचा जो गुण कॉलर आणि पट्टीला उपयोगी पडतो, तोच जाळ्यात माशाच्या पिल्लाचा काळ होतो. सूत तेच, फक्त दिशा फिरवली. एवढ्याने पुढच्या वर्षीचा मासा वाचतो. त्याच प्रकल्पातून बायकांच्या बचत गटांनी खेकडापालन केले, आणि वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत 'स्वामिनी' गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या. यात मोठे भांडवल नाही. होडी आणि हात.

याच्या उलट 'सी वर्ल्ड'. मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणी गावांत समुद्री जीवांचे प्रचंड उद्यान उभारण्याची योजना सरकारने पंधराएक वर्षांपूर्वी पुढे आणली. सुरुवातीला तेराशे एकरांहून अधिक जमिनीची भाषा होती, विरोध झाल्यावर ती साडेतीनशे एकरांवर आली. गावकऱ्यांची घरे, काजू-आंब्याची झाडे, जमिनी जाणार म्हणून आंदोलने झाली. ते उद्यान आजवर उभे राहिलेले नाही. मला त्या गावकऱ्यांचा राग समजतो. दारात दर्या असताना जमीन देऊन काचेतला दर्या का घ्यायचा? पण हेही खरे की अम्मीसारख्या म्हाताऱ्या माणसाला, अपंगाला, लहान मुलाला पाण्यात उतरता येत नाही. त्यांच्यासाठी काच लागते. नौदलाची 'गुलदार' ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाली. ती निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिच्यावर कृत्रिम प्रवाळ वाढवायचे आणि पर्यटकांना दाखवायचे, असेही ठरवण्यात आले आहे. त्यातून किनाऱ्यावरच्या लहान बोटवाल्याला काय मिळणार, हा प्रश्न मी दोघाचौघांना विचारला. सगळे हसले.

बाजारात हिंडताना एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण आपले अनेक बांधव शोभेच्या वस्तूंच्या व्यापारात आहेत. प्रवाळाचे तुकडे, वाळवलेला समुद्रघोडा, काही जातींचे मोठे शंख ही विक्रीची वस्तू नव्हे. २००१ सालापासून प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी आणि काही शंख वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले आहेत. माल कुठून घेतला याचे बिल दाखवले तरी सुटका नाही. किनाऱ्याची आठवण म्हणून विकायचे तर सावंतवाडीची लाकडी फळे आहेत, खेळणी आहेत. ती चितारी कारागिरांच्या हातची आहेत आणि त्यांना कोणताही कायदा आडवा येत नाही.

रत्नागिरीची काच

परतताना वाट वाकडी करून रत्नागिरीला गेलो. तिथे पेठकिल्ला भागात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. १९५८ साली ते सुरू झाले आणि आता कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. त्याचे मत्स्यालय आणि संग्रहालय लोकांना पाहायला मिळते. दिखावा काही नाही. ओळीने टाक्या, त्यांत खऱ्या समुद्राचे पाणी, प्रत्येकीवर माशाचे नाव. संग्रहालयात सुमारे ५५ फूट लांबीच्या देवमाशाचा सांगाडा आहे. अम्मी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठी टेकत चालत गेली आणि परत आली. मत्स्यालय कोणासाठी असते, ते मला तिथे दिसले.

आणि 'मासे खरेदी' या कलमाचे उत्तरही तिथेच मिळाले. टाकीजवळच्या कर्मचाऱ्याला मुलाने प्रश्नांवर प्रश्न विचारले. त्यातून कळले ते असे. मासा पाण्यात अमोनिया सोडतो आणि बंद टाकीत ते विष असते. गाळणीतल्या वाळू-दगडांवर सूक्ष्म जंतू वाढतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट करतात, तेही विषच, आणि मग नायट्रेट, जे बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते. हे जंतू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत भराभर मासे सोडले तर ते मरतात. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, ते माशाला आणि जंतूंना दोघांनाही मारते. वीज गेली आणि हवेचा पंप थांबला तर काही तासांत गर्दीच्या टाकीत मासे वर येऊन तोंड उघडू लागतात.

आता मैदानावरच्या बोगद्याचा विचार करा. आज सांगली, पुढच्या महिन्यात सोलापूर. आठ दिवसांत टाकी उभी करायची, टँकरचे पाणी भरायचे आणि लगेच तिकीट फाडायचे. जंतूंना महिना-दीड महिना द्यायला कोणाकडे वेळ आहे? मुलगा काही बोलला नाही, मोबाईलमध्ये जमाखर्चाचा फोटो होता तो काढून पाहत राहिला. त्या धंद्यात मासा हे भांडवल नव्हते, कच्चा माल होता. आगपेटीसारखा, वापरला की संपला. कागदावर खरेदीचे कलम होते, मेलेल्या माशांचे नव्हते.

मी पेन्सिल काढली. दहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशी एकच टाकी धरली तर तिच्यात साडेचार हजार लिटर पाणी मावते. म्हणजे साडेचार टन वजन, काच आणि लोखंड वेगळे. समुद्राचे मासे ठेवायचे तर लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने दीडशे किलोहून जास्त मीठ, तेही साधे नाही, समुद्राच्या क्षारांचे मिश्रण. म्हणून मैदानावरच्या टाकीत बहुधा गोड्या पाण्याचे मासे असतात. नातवाला आमच्या गावच्या मैदानावर 'शार्क' म्हणून जो मासा दाखवला होता, तो पंगासच्या जातीचा, आपल्या बाजारात खायला मिळतो त्याचा भाऊबंद. शोभेच्या माशांच्या व्यापारात त्याला शार्क म्हणायची पद्धतच आहे. आमच्या धंद्यात रेयॉनला आर्ट सिल्क म्हणून विकत, तसलाच प्रकार. गिऱ्हाईकाची फसवणूक म्हणावी की बोलीभाषा, हे ज्याने त्याने ठरवावे.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उदाहरण मुलाला सांगितले. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली ते उघडले. तारापोरवाला या पारशी दात्याने दोन लाख रुपये दिले होते, बाकी खर्च सरकारचा. २०१५ साली त्याची मोठी दुरुस्ती होऊन काचेचा बोगदाही झाला. २०२० मध्ये कोविडमुळे दरवाजे बंद झाले आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली. समुद्र रस्त्यापलीकडे, पाठीशी सरकार, गिऱ्हाईक सगळी मुंबई, तरी ही गत. खारी हवा लोखंड खाते आणि माशाला सुट्टी नसते. मत्स्यालय ही शाळा-दवाखान्यासारखी चीज आहे. ती कोणीतरी चालवली पाहिजे, पण तिकिटावर पोट भरून भागीदारांना नफा वाटेल अशी आशा मला तरी दिसली नाही.

ज्याला माशांतच पडायचे आहे त्याने टाकी दाखवण्याऐवजी टाकीतला मासा पिकवण्याकडे पाहावे. कुडाळ तालुक्यात मुळदे येथे कोकण कृषी विद्यापीठाचे शोभिवंत माशांचे उबवणी व प्रशिक्षण केंद्र आहे. घरामागे सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी, मोली यांसारखे मासे वाढवणे हा घरगुती धंदा होऊ शकतो, कारण मासा विकला जातो आणि दर पिढीला नवा मिळतो. मुलाला मात्र त्याची गोडी नव्हती, आणि गोडी नसलेल्या माणसाला मी धंद्यात ढकलत नाही. भागीदारीला आम्ही नकार कळवला.

पण मालवणहून हात हलवत आलो असेही नाही. सूनबाईला पाण्यात उतरायचे होते, ती उतरली नाही. कारण साधे होते. बोटीवर भाड्याने मिळणारे कपडे तोकडे, आणि अंगावरचा सलवार-कमीज घालून उतरावे तर सुती कापड ओले होऊन जड होते, अंगाला चिकटते, ओढणी पायात अडकते. तिच्याबरोबर कोल्हापूरकडच्या आणि बेळगावच्या चार-पाच बायका काठावर तशाच बसल्या होत्या. त्यात आपल्याच समाजाच्या होत्या असे नाही. नवरे आणि मुले पाण्यात, बायका टॉवेल धरून बोटीत. प्रत्येक बोटीवर निम्मे गिऱ्हाईक असे कोरडे परत जात होते. ही गोष्ट सूनबाईने मला दाखवली, मी तिला नव्हे.

घरी आल्यावर तिने मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा पाण्यातला पोशाख शिवायला घेतला. कापड सुरतचे, पॉलिस्टर आणि लायक्रा मिसळलेले होजिअरी, चारी बाजूंना ताणणारे. पहिले सहा नग बिघडले, ते कसे ते सांगतो, कोणा शिंपी बांधवाच्या उपयोगी पडेल. सुती दोऱ्याची शिलाई ताणली की तुटली, म्हणून पॉलिस्टरचा दोरा आणि ओव्हरलॉक. फिका रंग ओला झाला की आरपार दिसला, म्हणून गडद निळा आणि काळा. घेर ठेवला तर पाण्यात फुगून पायाच्या वल्ह्यात अडकला, म्हणून वरचा झगा मांडीपर्यंतच आणि खाली वजनाला दुमड. धातूची चेन खाऱ्या पाण्याच्या दोन बुडीत हिरवी पडून अडकली, तिच्या जागी जाड प्लॅस्टिकची घातली.

मालवणच्या एका बोटवाल्याने बारा नग ठेवून घेतले आहेत, भाड्यात निम्मा वाटा या बोलीवर. रापणीचा हिशेब त्याला समजतो, त्यामुळे कागद लांबलचक करावा लागला नाही. कपडा रोज गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा, एवढी एकच अट आम्ही त्यात लिहून घेतली.